'महाराष्ट्र पुराणा'त न आलेला तह

कोलकात्याच्या एस्प्लनेड चौकातून मैदानाकडे पाहिले असता प्रथम दृष्टीस पडतो तो शहीद मिनार. हे नाव त्याला १९६९ मध्ये मिळाले. १८२८ मध्ये तो उभारला गेला तेव्हा तो सर डेव्हिड ऑक्टरलोनी या कंपनीच्या सेनानीचे स्मारक होता. ऑक्टरलोनीची कीर्ती मुख्यतः दोन घटनांवर उभी आहे. १८०४ मध्ये त्याने यशवंतराव होळकरांच्या वेढ्यातून दिल्ली राखली आणि पुढे नेपाळशी झालेल्या युद्धात कंपनीला विजय मिळवून दिला. त्या युद्धाचा शेवट १८१६ मध्ये सुगौलीच्या तहाने झाला. नेपाळने कुमाऊँ, गढवाल आणि पूर्वेस मेचीपलीकडचा मुलूख सोडून दिला व उरलेले राज्य राखले. मिनारापासून थोड्याच अंतरावर, मैदानाच्या उत्तर कडेला, लॉर्ड वेलस्लीने १७९९ ते १८०३ या काळात बांधवलेले गव्हर्न्मेंट हाउस आहे. ही वास्तू पुरी झाली त्याच वर्षाच्या अखेरीस, १७ डिसेंबर १८०३ रोजी, नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी देवगावच्या तहाने कटक प्रांत कंपनीच्या स्वाधीन केला. मुलूख देऊन सलूख मिळवण्याच्या दोन व्यवहारांच्या खुणा अशा रीतीने या एका परिसरात सापडतात, आणि त्यांतील एक व्यवहार मराठ्यांचा आहे.

देवगावी जो प्रांत गेला तो नागपूरकरांकडे आला होता तोही तहानेच. १७५१ च्या पूर्वार्धात बंगालचा नवाब अलीवर्दी खान आणि पहिले रघूजी भोसले यांच्यात तो तह झाला. दहा वर्षे चाललेल्या स्वाऱ्या थांबाव्यात म्हणून नवाबाने ओरिसावरील आपला प्रत्यक्ष ताबा सोडला. हा तह इतिहासग्रंथांना अपरिचित नाही. परंतु मराठी आणि बंगाली या दोन्ही भाषांच्या वाङ्मयीन स्मृतीत त्याला स्थान मिळाले नाही, ही गोष्ट मात्र पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही. बंगालीने स्वाऱ्या लक्षात ठेवल्या, मराठीने विस्तार लक्षात ठेवला. ज्या व्यवहाराने स्वाऱ्या थांबल्या आणि विस्ताराला कायदेशीर रूप आले, तो दोन्हीकडे गळला. गंगाराम या कवीचे 'महाराष्ट्र पुराण' हे बंगाली काव्य या दृष्टीने वाचले तर त्यातून या विस्मरणाचे स्वरूप बरेचसे उलगडते.

तत्पूर्वी तहाची पार्श्वभूमी थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. एप्रिल १७४२ मध्ये भास्करराम कोल्हटकर यांच्या नेतृत्वाखाली नागपूरकरांची फौज बर्दवानजवळ नवाबावर चालून आली. मे महिन्यात राजधानी मुर्शिदाबाद लुटली गेली. काटवा हे फौजेचे ठाणे बनले. अलीवर्दीने प्रथम लढून पाहिले. त्याच वर्षी आश्विनात, दुर्गापूजेच्या दिवसांत, त्याने काटव्याच्या छावणीवर अचानक छापा घालून भास्कररामांना मागे हटवले. पुढल्या वर्षी त्याने पैसा देऊन पाहिला. १७४३ च्या मार्चअखेर पलाशीजवळ पेशवे बाळाजी बाजीराव यांची आणि त्याची भेट झाली. २२ लाख रुपये आणि चौथाईचे वचन घेऊन पेशव्यांनी रघूजींना बंगालबाहेर काढले. पण हा बंदोबस्त टिकला नाही, कारण शांतता विकणारा एक होता आणि ती मोडू शकणारा दुसरा. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये छत्रपती शाहूंच्या मध्यस्थीने पेशवे आणि भोसले यांनी आपापली क्षेत्रे वाटून घेतली. बंगाल भोसल्यांच्या वाट्याला गेला. मग अलीवर्दीने तिसरा मार्ग धरला. ३१ मार्च १७४४ रोजी मनकरा येथे बोलणी करण्यासाठी तंबूत आलेल्या भास्कररामांची आणि त्यांच्या सरदारांची त्याने हत्या करवली. त्याचेही फळ उलटे मिळाले. १७४५ मध्ये रघूजी स्वतः आले आणि कटकचा बाराबाटी किल्ला मराठ्यांच्या हाती गेला. त्यानंतर अफगाण सरदारांची बंडे, रिकामा झालेला खजिना आणि सत्तरी ओलांडलेले वय अशा अवस्थेत अलीवर्दी तहाला राजी झाला.

तहाची कलमे फारसी तवारिखांतून कळतात. मराठ्यांनी जलेश्वराजवळची सुवर्णरेखा नदी ओलांडू नये. नवाबाने बंगालच्या चौथाईपोटी दरसाल १२ लाख रुपये द्यावेत. आणि मीर हबीब याने नवाबाचा नायब म्हणून ओरिसाचा कारभार पाहून तेथील शिलकी वसूल रघूजींच्या फौजेच्या खर्चाकडे लावावा. यांतील तिसरे कलम बारकाईने वाचण्यासारखे आहे. मीर हबीब १७४२ पासून मराठ्यांच्या बाजूचा होता. त्याला नवाबाचा नायब म्हणवून घेण्यात आले, म्हणजे कागदावर ओरिसा नवाबाचाच राहिला. भूमी दिली, पण दिली असे म्हटले नाही. पुढल्याच वर्षी जानोजी भोसल्यांच्या माणसांकडून मीर हबीब मारला गेला आणि तो पडदाही निघून गेला. दीर्घ संघर्षात भूमी सोडणाऱ्या सत्तेला शब्दांचा असा आडोसा बहुधा लागतो. बंगालच्या अलीकडच्या इतिहासातही हे दिसते. १९५८ च्या नेहरू-नून करारात बेरुबाडीचा अर्धा भाग पाकिस्तानला देण्याचे ठरले, तेव्हा हा केवळ सीमेचा खुलासा आहे अशी सरकारची भूमिका होती. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. हे भूमिदान असून त्यासाठी घटनादुरुस्ती हवी असा अभिप्राय दिला. अलीवर्दीला असे न्यायालय आडवे आले नाही, एवढाच फरक.

आता गंगारामाकडे वळता येईल. त्याच्या काव्याची पोथी मैमनसिंह जिल्ह्यात मिळाली. पोथीच्या अखेरीस बंगाली सन ११५८ ची, पौष महिन्याची नोंद आहे, म्हणजे ती १७५१ च्या डिसेंबराच्या सुमारास पुरी झाली. उपलब्ध आहे ते पहिले कांड असून त्याचे नाव 'भास्कर-पराभव' असे आहे. एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९६५ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर हे काव्य बंगालबाहेरच्या अभ्यासकांपर्यंत पोचले.

काव्याचा आरंभ पुराणाच्या रीतीने होतो. पृथ्वी पापभाराने त्रस्त होऊन देवांकडे जाते. शिव नंदीला पाठवतो आणि शाहू राजाच्या मनात बंगालकडे पाहण्याची प्रेरणा उत्पन्न होते. तेथून कवी एकदम हिशेबाच्या भाषेत उतरतो. शाहू दिल्लीकडे चौथाईची विचारणा करतो. बंगालचा सुभेदार पूर्वीच्या नवाबाला मारून गादीवर बसला, तो आम्हालाही वसूल पाठवीत नाही, तेव्हा तुम्हीच तो वसूल करा, असे दिल्लीचे उत्तर येते. या दोन प्रारंभांचा मेळ अनेक वाचकांना विजोड वाटतो. वस्तुतः काव्याचे मर्म तेथेच आहे. गंगारामाच्या दृष्टीने स्वारीला दोन कारणे आहेत, एक पाप आणि दुसरे थकलेला वसूल. आणि दोन्ही देणीच आहेत. भारतचंद्राच्या 'अन्नदामंगल'मध्येही नवाबाच्या फौजेने भुवनेश्वरी केलेल्या उपद्रवाचा सूड म्हणून शिव साताऱ्याच्या राजाला प्रेरणा देतो. तहानंतर वर्षभराने पुऱ्या झालेल्या त्या काव्यात दरबारी कवीची सफाई आहे. गंगारामाकडे ती नाही. त्याच्या ओळी ओबडधोबड आहेत, पण त्याच्याकडे असे काही आहे जे भारतचंद्राकडे नाही: रस्त्यावरची गर्दी.

पळणाऱ्या लोकांचे त्याचे वर्णन हे अठराव्या शतकातील भारतीय काव्यातले एक असामान्य प्रकरण मानावे लागेल. ब्राह्मण पंडित पोथ्यांचे भार घेऊन निघतात, सोनार तराजू-वजने घेऊन, व्यापारी दुकान गुंडाळून, कोळी जाळे घेऊन. प्रत्येक जात आपल्या धंद्याच्या हत्यारानिशी पळते. वाटेत एकमेकांना विचारतात की बर्गी कोठे पाहिले? कोणीच पाहिलेले नसते. सगळे पळतात म्हणून आम्ही पळतो, असे जो तो सांगतो. या एका तपशिलात गंगारामाने भयाची जी यंत्रणा दाखवली आहे ती तत्कालीन तवारिखकारांच्या आवाक्याबाहेरची होती. नंतर बर्गी खरोखर येतात आणि मग रुपये मागणे, अवयव तोडणे, स्त्रियांवरील अत्याचार, जाळलेल्या गावांची नावे असा क्रम येतो. गावांची यादी लांब आहे. मराठी वाचकाला ती वाचताना अवघडल्यासारखे होते आणि तसे व्हावयासच हवे. ही यादी शत्रूच्या कवीने रचलेली अतिशयोक्ती आहे असे म्हणून ती बाजूला सारता येत नाही. कारण हाच कवी स्वारीच्या प्रारंभी मराठ्यांना देवाचे दूत ठरवतो आणि अखेरीस नवाबाच्या कपटावरही पांघरूण घालत नाही.

काव्याचा कलाटणीबिंदू भास्कररामांच्या दुर्गापूजेत आहे. दाइहाट येथे पूजेची तयारी होते, जमीनदारांकडून सामग्री येते. पण गोब्राह्मण, वैष्णव आणि स्त्रिया यांच्या हत्येने देवी रुष्ट होते. ज्याला पापनाशासाठी पाठवले तोच पापी ठरला, म्हणून देवी आपला पक्ष बदलते. यापुढे भास्कर-पराभव अटळ होतो आणि काव्य मनकऱ्याच्या तंबूत संपते.

काव्याचा शेवटचा प्रसंग हा बोलणीचा प्रसंग आहे. शांतता ठरवायला माणसे बसतात आणि एक पक्ष मारला जातो. म्हणजे गंगारामाने जी बोलणी काव्यात आणली ती खोटी होती. खरी बोलणी, जी पोथी पुरी होण्यापूर्वी काही महिनेच आधी झाली होती, तिचा काव्यात उल्लेख नाही. पोथी हातावेगळी झाली तेव्हा ओरिसा गेलेला होता, सुवर्णरेखा ही सीमा ठरली होती आणि गावे पुन्हा वसू लागली होती. कांडाचे नाव पाहता कवीच्या मनात पुढील कांडे होती असे मानता येते. मग त्यांत काय आले असते? रघूजींचे सूडाचे आगमन, कटकचा पाडाव आणि अखेर तह. परंतु ज्या चौकटीत त्याने विषय मांडला ती चौकट हा शेवट पेलू शकली नसती. पुराणात असुर मरतो, पृथ्वीचा भार उतरतो. असुराला एक प्रांत आणि दरसाल १२ लाख देऊन पृथ्वी भारमुक्त झाली असे कोणते पुराण सांगेल? मंगलकाव्याच्या परंपरेत देवता आपली पूजा मान्य करवून घेते तेव्हा समेट होतो खरा. पण तो भक्त आणि देवता यांच्यातला, दोन सत्तांमधला नव्हे. गंगारामाला भय लिहिण्याची भाषा होती आणि वध लिहिण्याची भाषा होती. तडजोडीची भाषा त्याच्या परंपरेने त्याला दिली नव्हती.

मराठीची स्थिती याहून वेगळी होती का? वरवर पाहता होती. तह, सलूख, करारमदार, मुलूख, ठाणे, चौथाई, सरदेशमुखी, घासदाणा या शब्दांनी मराठी पत्रव्यवहार भरलेला आहे. मराठी मनाला भूमी देण्याचे दुःखही अपरिचित नाही. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख दिला आणि १२ किल्ले स्वतःकडे ठेवले. हा प्रसंग मराठी कादंबरी, नाटक, पोवाडा यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. देणाऱ्याची व्यथा, त्यामागचा धोरणीपणा, दिलेले परत मिळवण्याची जिद्द, हे सारे मराठी वाचक तेथे ओळखतो. तोच वाचक १७५१ कडे येतो तेव्हा मात्र त्याला देणारा दिसत नाही, फक्त घेणारा दिसतो. 'अटक ते कटक' किंवा 'कटकेपासून अटकेपर्यंत' हा वाक्प्रचार मराठीत सर्वतोमुखी आहे. अटकेची स्वारी १७५८ ची आणि अल्पकाळ टिकलेली; कटक मात्र बावन्न वर्षे राहिले. पहिल्याला झेंड्याची आठवण चिकटली, दुसरे केवळ यमक राहिले. कटक आधी तलवारीने घेतले गेले होते हे खरे. पण ते टिकले तहाने, आणि तह झाला तो दुसऱ्या प्रांतातील गावांच्या जाळपोळीला कंटाळलेल्या एका वृद्ध नवाबाने. वाक्प्रचारात हे मावत नाही.

नागपूरकर भोसल्यांची जी बखर काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी लिहिली ती इंग्रज रेसिडेंट जेन्किन्स याच्या सांगण्यावरून. त्या वेळी कटक जाऊन बरीच वर्षे लोटली होती आणि खुद्द नागपूरचे राज्य कंपनीच्या देखरेखीखाली आले होते. बखरीचा कर्ता, तिचा यजमान आणि तिचा विषय यांच्यातील हा संबंध बखरवाङ्मयाच्या अभ्यासात अधिक विचारात घेतला जायला हवा. ज्याने प्रांत घेतला त्याच्यासाठी, ज्याने तो गमावला त्याच्या वंशाचा पराक्रम सांगायचा होता. अशा कथनात मोहिमा येतात, माणसे येतात, शिक्कामोर्तब येते. पण एका मुलखाची किंमत काय होती आणि ती कोणी मोजली, हा प्रश्न उद्भवत नाही. पुढे सरदेसायांच्या 'मराठी रियासती'ने आणि जदुनाथ सरकारांच्या मोगल साम्राज्याच्या ऱ्हासावरील ग्रंथाने, ज्याचा पहिला खंड १९३२ मध्ये निघाला, दोन्ही बाजूंची साधने एकत्र आणली. या दोघांचा स्नेह आणि दीर्घ पत्रव्यवहार सर्वश्रुत आहे. इतिहासलेखनात जे साधले ते सर्जनशील वाङ्मयापर्यंत झिरपले नाही.

एका शब्दाचा प्रवासही येथे नोंदवावा. मराठीत बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळते तो स्वार. शिलेदाराहून त्याची प्रतिष्ठा थोडी कमी, इतकेच. बंगालीत तोच शब्द 'बर्गी' झाला आणि त्याचा अर्थ लुटारू असा स्थिरावला. लष्करी नोकरीचा एक दर्जा सांगणारा शब्द भयवाचक बनला तो याच दशकात. बंगाली अंगाईगीतात तो अजून आहे. मूल झोपले, पाडा निवांत झाला, देशात बर्गी आले. बुलबुलांनी धान खाल्ले, आता खजिना कशाने भरायचा, असा त्या गीताचा आशय सर्वपरिचित आहे. हे गीत सामान्यतः स्वारीच्या काळाचे मानले जाते. पण त्यातला शेवटचा प्रश्न स्वारीचा नाही, सरकारी साऱ्याचा आहे. लुटारू सारा मागत नाही. सारा मागतो तो राजा. अलीवर्दीने मराठ्यांना द्यावयाच्या रकमेची भरपाई करण्यासाठी जमीनदारांवर 'चौथ मराठा' या नावाचाच जादा कर बसवला होता, आणि जमीनदारांनी तो रयतेकडून वसूल केला हे उघड आहे. तहाने बर्गी गेले; बर्गींचे नाव साऱ्याच्या पावतीवर राहिले. गंगारामाला जे लिहिता आले नाही ते अंगाईगीताने नकळत सांगितले आहे, असे म्हणावयास जागा आहे. त्यात आक्रमण आणि वसुली एकाच श्वासात येतात. शांततेची किंमत कोणी भरली याचा हा बहुधा एकमेव लोकवाङ्मयीन पुरावा असावा.

कोलकात्यात या भयाची वेगळी खूण उरली. १७४२ मध्ये नवाबाच्या परवानगीने शहराभोवती खंदक खणण्यास प्रारंभ झाला. खर्च रहिवाशांनी सोसला. सात मैलांचा बेत होता. तीन मैलांच्या आसपास काम झाल्यावर ते थांबले, कारण मराठे कोलकात्याकडे आलेच नाहीत. हाच मराठा डिच. १७९९ पासून तो बुजवून त्याच्या मार्गावर सर्क्युलर रोड करण्यात आला. बागबाजारातील एका गल्लीला अद्याप त्याचे नाव आहे. मराठ्यांना न अडवताच बुजलेला हा खंदक विनोदाचा विषय झाला आहे. परंतु त्याचा एक उपयोग झाला आणि तो गंभीर होता. १७५७ मध्ये मीर जाफरने कंपनीशी केलेल्या करारात, खंदकाच्या आतील जमीनदारांच्या जमिनी आणि खंदकाबाहेर आणखी ६०० यार्ड जमीन कंपनीला देण्याचे कलम आहे. मराठ्यांच्या भयाने खणलेली रेघ सहा वर्षांपूर्वीच निरुपयोगी ठरली होती. ती आता दुसऱ्याच सत्तेला द्यावयाच्या भूमीचे माप बनली. त्यानंतर नव्या फोर्ट विल्यमसाठी गोविंदपूर गाव उठवण्यात आले, किल्ल्याभोवतीचे रान साफ झाले, मैदान तयार झाले आणि त्याच्या कडेला एस्प्लनेड वसले. गोविंदपूरच्या लोकांना मोबदला मिळाला, गाव गेले.

बंगाली आणि मराठी मनांचा समेट झाला तो फार नंतर आणि वेगळ्या वाटेने. देवघरच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात १८६९ मध्ये जन्मलेले सखाराम गणेश देऊस्कर हे बंगालीत लिहिणारे लेखक. त्यांचे 'देशेर कथा' १९०४ मध्ये प्रसिद्ध झाले. कोलकात्यातील शिवाजी उत्सवामागे त्यांची प्रेरणा होती. त्यांच्या 'शिवाजीर दीक्षा' या पुस्तिकेच्या निमित्ताने रवींद्रनाथांनी 'शिवाजी-उत्सव' ही कविता लिहिली, आणि १९०६ च्या उत्सवाला लोकमान्य टिळक कोलकात्यास आले. दोन प्रांतांना जोडणारे हे कार्य मोठे होते याविषयी दुमत नसावे. पण टीकाकाराने त्याची रचनाही पाहावी. समेटासाठी सतराव्या शतकातील शिवाजी महाराज निवडले गेले आणि अठरावे शतक ओलांडून जाण्यात आले. महाराजांच्या नावाने बर्गीचे नाव झाकले. फाळणीविरोधी आंदोलनाच्या त्या दिवसांत, जेव्हा बंगालच्या नकाशावरची नवी रेघ हाच मुख्य प्रश्न होता, तेव्हा जुन्या रेघेची आठवण कोणाला नको असणे समजण्यासारखे आहे. देऊस्करांसारख्या दोन्ही भाषा घरच्या असलेल्या लेखकाला १७५१ चा तह लिहिण्याचा अधिकार इतर कोणाहून अधिक होता. काळाने त्यांना ती सवड दिली नाही, असेच म्हणावे लागते.

सुवर्णरेखा नदी मात्र वाङ्मयात आणि चित्रपटात वेगळ्या निमित्ताने परतली. ऋत्विक घटकांच्या, १९६५ मध्ये प्रदर्शित झालेल्या त्याच नावाच्या चित्रपटात पूर्व बंगालचे निर्वासित तिच्या काठी घर शोधतात. ही नदी एकदा शांततेची सीमा होती, हे तो चित्रपट पाहणाऱ्या किती जणांच्या ध्यानात येत असेल?

विसाव्या शतकाने भूमीच्या मोबदल्यात शांतता या कल्पनेला एक आंतरराष्ट्रीय सूत्र बनवले. १९६७ च्या युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांचा २४२ क्रमांकाचा ठराव झाला, १९७९ मध्ये इजिप्त-इस्राएल करार झाला आणि १९८२ पर्यंत सिनाई इजिप्तला परत मिळाले. तेथे युद्धात घेतलेली भूमी मूळ राष्ट्राला परत जात होती. १७५१ मध्ये उलट घडले. ज्याची होती त्याने ती दिली. तरी दोन्हीकडे एक प्रश्न समान राहतो, तो म्हणजे भूमीवरच्या माणसांचा. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारताचे १११ आणि बांगलादेशाचे ५१ छिटमहाल एकमेकांना दिले गेले, तेव्हा तेथील रहिवाशांना कोणते नागरिकत्व हवे हे विचारले गेले. त्या विचारण्यात कितीही उणिवा असोत, विचारले गेले ही नवी गोष्ट होती.

ओरिसाला कोणी विचारले नव्हते. १७५१ च्या व्यवहारात मुर्शिदाबाद आणि नागपूर हे दोन पक्ष होते. कटक, पुरी, बालेश्वर ही केवळ वस्तू होती. म्हणून या तहाची तिसरी बाजू उडिया वाङ्मयातच शोधावी लागते. मराठी राजवटीत जगन्नाथाच्या मंदिराचा खर्च चालू राहिला, कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारासमोर आला, यात्रेकरूंवर करही बसला. उडिया स्मृतीत या सर्व गोष्टी एकत्र नांदतात आणि त्यामुळे ती स्मृती बंगालीइतकी एकरंगी नाही. फकीरमोहन सेनापती यांची 'लछमा' ही कादंबरी बर्गींच्या स्वाऱ्यांच्या काळावर बेतलेली आहे. तिच्या केंद्रस्थानी राजा नाही, सेनापती नाही. स्वारीने जिचे आयुष्य उधळले अशी एक स्त्री आहे. तंत्राच्या दृष्टीने ही कादंबरी त्यांच्या 'छ माण आठ गुंठ'च्या तोडीची नाही. अद्भुताचा अंश तिच्यात जास्त आहे. तरीही मराठी समीक्षेने तिची दखल घ्यावी, कारण दोन दरबारांच्या पत्रव्यवहारात ज्यांचा उल्लेख नाही त्यांच्यापैकी एकीला येथे नाव मिळाले आहे.

फकीरमोहन १८४३ मध्ये जन्मले ते बालेश्वरात, म्हणजे सुवर्णरेखेच्या त्या बाजूला जी १७५१ मध्ये सोडून देण्यात आली. मराठ्यांचा अंमल प्रत्यक्ष पाहिलेली माणसे त्यांच्या लहानपणी गावात असणार. १८०३ नंतर हा मुलूख पुन्हा बंगालशी जोडला गेला आणि १९१२ पर्यंत त्याचा कारभार कोलकात्यातून चालला. 'लछमा' लिहिली गेली त्या काळात बालेश्वरच्या माणसाला वरिष्ठ सरकारकडे अर्ज करायचा असेल तर त्या अर्जाची वाट एस्प्लनेडच्या दिशेनेच जात होती.